कोहळ्याची दाढी

अंबरनाथ (पश्चिम)
१८ फेब्रुवारी १९९६

आदरणीय दौलतराव भाऊजी यांस,

सविनय जयभीम. आम्ही दोघे इथे ठीक आहोत, म्हणजे साठीच्या घरात जितकं ठीक असता येतं तितके. तुमचा गुडघा काय म्हणतो? जाऊबाईंचा खोकला गेला का? गेला नसेल तर तो लवंग चघळून जाणार नाही, डॉक्टरला दाखवावा लागेल, हे मी मागच्या तीन पत्रांत लिहिलं होतं. चौथ्यांदा लिहिते आहे, कारण मला लिहायचा कंटाळा येत नाही. चि. अंजनीला आशीर्वाद. नवरा मुलगा पोस्टात आहे हे चांगलं झालं (निदान तिची पत्रं तरी वेळेवर पोचतील).

पत्र कशासाठी लिहितो आहोत ते पहिल्याच परिच्छेदात सांगावं, असं आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवत. तो परिच्छेद तब्येतीतच गेला. असो. हे आभाराचं पत्र आहे. अंजनीच्या साखरपुड्याच्या पेढ्यांबरोबर तुम्ही तुमचा स्वतःचा जुना रेझर धाकट्या भावासाठी पाठवलात, त्याबद्दल मनापासून आभार. ऑक्टोबरच्या पार्सलाचे आभार फेब्रुवारीत मानते आहे, कारण त्या रेझरने तुमच्या बंधूंचा गाल चार ठिकाणी कापला, आणि हे दोन्ही एकाच पत्रात सभ्यपणे कसं लिहायचं ते सिस्टरांनी शिकवलं नव्हतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि 'वयच आहे' म्हणाले (डॉक्टर स्वतः एकसष्ट वर्षांचे आहेत, मी पाटीवरचं शिक्षणाचं वर्ष पाहून हिशेब केला). चहाचा कप डाव्या हाताने जमला, शर्टाची बटणं मी लावते. अडलं ते दाढीपाशी. त्यांचा पातळ दांड्याचा जुना रेझर हातात नुसता नाचायचा. मी म्हटलं, न्हाव्याला घरी बोलवू. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी म्हटलं, मग मी करून देते. तर म्हणाले, "जिभेपर्यंत ठीक आहे, तुझ्या हातात ब्लेड नको."

त्यांचं का अडतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण राग आला की मी सांगतेच. गावचा न्हावी म्हशी भादरायचा, पण आपल्या माणसांच्या गालाला हात लावायचा नाही. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर मामंजींनी मनमाडच्या बाजारातून रेझर आणला आणि तुम्हा दोघा भावांना उंबऱ्यात बसवून शिकवलं, की आता कुणाच्या दारात हनुवटी पुढे करायची नाही. तुमचे बंधू वीस वर्षांचे होते. आज कुठल्याही सलूनमध्ये कुणीही बसावं, कुणी जात विचारत नाही. तुमचे बंधू केसही तिथेच कापून घेतात. पण दाढी स्वतःच्या हाताने. चाळीस वर्षांत एक दिवस खंड नाही. आमच्या लग्नाच्या दिवशी वरात अडवून करत बसले होते, आठवतं ना?

तर तुमचा रेझर आला. आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर काढलेला माणूस, आधी दोन दिवस त्याचे आटेच न्याहाळत होता. "काय आटे पाडलेत!" असं चारदा म्हणाले (पस्तीस वर्षांत माझ्या एकाही भाजीला इतकी दाद मिळालेली नाही). तिसऱ्या दिवशी दाढी केली. बाहेर आले ते गालावर तुरटी आणि तुरटीवर कापूस. भाऊजी, दोष तुमचा नाही. तुमच्या फोरमनसाहेबांनी ऑस्ट्रेलियाला जाताना दिलेला तो रेझर कंगव्यासारख्या दातांचा आहे. तुमच्या कुंच्यासारख्या दाढीला आणि पोलादी हाताला तो शोभतो. रेझर धुऊन, पुसून डबीत ठेवला आणि मला म्हणाले, "दादाला लिही, रेझर झकास आहे. आणि लग्नाला मी येत नाही. तू जा." मी पहिलं वाक्य आज लिहिते आहे. दुसरं लिहायचं मी तेव्हाच नाकारलं.

मी एकतीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढली. चुकीचा माणूस चुकीच्या माणसाला जोडून दिला की काय होतं ते मला सांगू नये. म्हटलं, रेझर वाईट नाही, जोडणी चुकली आहे. दुसऱ्याच दिवशी दोन बसेस बदलून उल्हासनगर कॅम्प एकला गेले. तिथे टेकचंद नावाच्या सिंधी गृहस्थाचं कंगवे, ब्रश, रेझर यांचं घाऊक दुकान आहे. वर न बघता विचारतो, "कितना डझन?" मी म्हटलं, एक. "एक डझन?" एक रेझर. "अम्मा, एक तो हम दिखाते भी नहीं." मग मी माझा टेलिफोनचा आवाज काढला. त्याने स्टूल पुढे केलं.

पण खरा अपमान पुढे आहे. विचारतो, बाल कड़क है कि नरम? गालावर खाली जातात की गोल फिरतात? मानेवर कुठून कुठे? चमडी कोरडी की तेलकट? हाथ भारी कि हल्का? मला एकाचंही उत्तर येईना. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अम्मा, शादी को कितना साल हुआ?" पस्तीस. "और अभी तक दाढ़ी देखा नहीं?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी सिस्टरांच्या शाळेतली नसते तर त्याच दिवशी कॅम्प एकमध्ये एक घाऊक दुकान कमी झालं असतं. पण खरं सांगते, इतके प्रश्न आमच्या डॉक्टरांनी कधी विचारले नव्हते. म्हणाला, "रेझर अच्छा-बुरा नहीं होता. मिलता है कि नहीं मिलता, बस." म्हणजे माणसाशी जुळतो की नाही, एवढंच. शेवटी मी हात थरथरतो म्हणून सांगितलं. "मेरे बाबा का भी हिलता था," म्हणाला, आणि शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवरून एक डबी काढली. बरोबर आणखी दोन दिल्या. जो जुळेल तो ठेवा, बाकीचे आणून द्या, म्हणाला.

पहिला रेझर तीन तुकड्यांचा, हलका. दांडा, जाळी, टोपी, मध्ये ब्लेड, मग फिरवून आवळायचं. स्थिर हाताला सोपं. थरथरत्या हाताला त्यात रोज एक ब्लेड जमिनीवर आणि एक बोट धोक्यात. दुसरा खालची कळ फिरवली की वरची दोन झाकणं दारांसारखी उघडणारा, ब्लेड नुसतं आत ठेवायचं. छान, पण दांडा पोकळ. तिसरा, वरच्या फळीवरचा: तशीच दारं, पण दांडा भरीव, जाड, खाचा पाडलेला, आणि पात्याखाली दात नाहीत, गुळगुळीत कड. टेकचंदचं म्हणणं, हा स्वतःच्या वजनावर चालतो, दाबायचं नाही, दाबला की चावतो.

घरी आले. दुपारी तुमचे बंधू झोपल्यावर वाचायचा चष्मा लावून त्यांच्या गालावर वाकले आणि केसांची दिशा पाहू लागले. त्यांनी डोळे उघडले. "काय आहे?" काही नाही, म्हटलं, झोपा. नंतर दोन दिवस ते माझ्याकडे संशयाने बघत होते. आणि तीन डब्या कपाटावर तशाच. हात लावायला तयार नाहीत. "एकदा कापलं, पुरे झालं."

तेव्हा मी ठरवलं की आधी आपणच चालवून बघावं. सलूनमधली मुलं म्हणे फुग्यावर शिकतात. पण फुग्याला केस नसतात, आणि केस कुठल्या दिशेने वळतात हाच तर आमचा प्रश्न. विचार करता करता आठवला कोहळा. कोवळ्या कोहळ्यावर कशी खरखरीत लव असते! बदलापूर गावातून कौसाबाई स्टेशनजवळ भाजी घेऊन बसते, तिला सांगितलं, मला केसाळ कोहळा हवा, जितका केसाळ तितका बरा. ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगो बाय, कोवला कोन खातंय? घशाला खाज उठंल." खायला नको, म्हटलं. तिने एकदम आवाज खाली आणला. "मंग दारावं बांधाला का? नजर लागली का गो भाऊंना?" मी म्हटलं, दाढी करायला. त्यावर तिने कोथिंबीर फुकट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत पेपर पसरून, पाटावर कोहळा ठेवून मी बसले. लाल शाईच्या पेनाने त्यावर गाल, हनुवटी, मान काढली आणि लव जिकडे वळते तिकडे बाण. मग साबणाचा फेस, आणि हातात तो तिसरा, भरीव रेझर. आता भाऊजी, हे सगळं समोरच्या गॅलरीतून कसं दिसत असेल याचा विचार मी केला नाही, ही माझी चूक. समोर ठमाबाई राहते. तिने पाहिलं की सकाळच्या वेळी आमच्या दारात कोहळा, कोहळ्यावर तोंड, तोंडावर लाल रेघा, आणि बाजूला मी, हातात पातं. ती विहारात पोचायला पाच मिनिटं लागली असतील. (गॅस संपला की तिला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरवत नाही.)

इकडे मी कोहळा भादरते आहे. म्हणजे सोलते आहे. आतून पेपराआडून आवाज आला, "कोन बघ." मी म्हटलं, कोण आलंय? "अगं, पात्याचा कोन! उभा धरलायस. असा धरून भाजी सोलतात." मग तुम्ही दाखवा, म्हटलं. "दाबतेस कशाला? वजन कशासाठी दिलंय त्याला?" मी आणखी दाबला. खरं सांगू? तोवर चुकून दाबत होते, आता मुद्दाम दाबला. कोहळ्याचं एक साल उडून गॅलरीबाहेर गेलं. चाळीस वर्षं आटे पाडलेल्या माणसाला ते सहन होईना. उठले, माझ्या हातातून रेझर घेतला, पाटाशी बसले.

हात थरथरत होता. रेझर हवेत होता तोवर फारच. कोहळ्यावर टेकला आणि वजन खाली बसलं. चमत्कार काही झाला नाही, आपण चमत्कार मानतही नाही; हात थरथरतच राहिला, पण त्या भरीव दांड्याने त्याला फारशी भीक घातली नाही. गालावरून एक पट्टी स्वच्छ निघाली. मग दुसरी.

तेवढ्यात विहाराचे सेक्रेटरी अण्णा दारात. मागे ठमाबाई. अण्णा फार गंभीर. "वहिनी, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात ना आपण? शिकलेल्या बाईने हे उतारे..." तुमच्या बंधूंनी मान वर केली नाही. म्हणाले, "अण्णा, बस. मानेवरचे केस उलटे आहेत याचे, जरा वेळ लागेल." अण्णा बसले. ठमाबाईही बसली, जाते कशाला. पंधरा मिनिटं गेली. मग अण्णा स्वतःचा गाल चोळत म्हणाले, "भाऊ, हा रेझर कुठे मिळाला?" ठमाबाई फार निराश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीचं दार अर्धा तास बंद होतं. मी बाहेर तांदूळ निवडत होते. एक दाणा निवडला नाही. बाहेर आले तेव्हा गालावर तुरटी नव्हती, कापूस नव्हता. चहा घेतला. मग विचारलं, "अंजनीच्या लग्नाला तो निळा सदरा चालेल का?"

म्हणून हे आभार. टेकचंदला मी पेढे नेऊन दिले आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरंही: गालावर नरम, हनुवटीवर कडक, मानेवर डावीकडून उजवीकडे. तो म्हणाला, "शाबास, अम्मा." पण पहिले आभार तुमचे, भाऊजी. तुम्ही आपल्या हातातली वस्तू काढून भावाला दिलीत. तिने कापलं नसतं, तर मी जन्मभर त्यांच्या गालाकडे नीट पाहिलं नसतं. दर रविवारी ते तुमचा रेझर काढतात, आट्यांना तेलाचा थेंब लावतात, परत ठेवतात. तो मी परत पाठवत नाही.

जाऊबाईंना नमस्कार. खोकल्याचं लक्षात ठेवा.

आपली भावजय,
कमळा

ता. क. आशीर्वाद, आभार वगैरे सगळं खरं असलं तरी पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं: बुद्धपौर्णिमेच्या सकाळी तुमच्या घरी पाहुण्यांची झुंबड असेल, मोरी एकच. तिथे बंधूंना अर्धा तास लागेल. कोमट पाण्याचा तांब्या आणि भिंतीला आरसा लागेल. मांडवातल्या पुरुषांसाठी न्हावी बोलावणार असाल तर जरूर बोलवा, पण यांना विचारू नका. आणि अर्ध्या तासात कुणीही, अगदी नवरी मुलीनेही, दार वाजवू नये.

ता. क. २. डाव्या कानाखाली रोज बोटभर दाढी राहते. त्यांना ती आरशात दिसत नाही, हाताला लागत नाही. मांडवात सगळ्यांना दिसेल. कुणी दाखवून देऊ नये. मी गेले तीन महिने दाखवलेली नाही, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे.