नाटकातले थांबलेले घड्याळ

एडिनबरा, रविवार

प्रिय बाबांस,

मोरॅगचा नमस्कार. माझे जेवणखाण व्यवस्थित आहे, काळजी नसावी. तुमचा खोकला कसा आहे?

सध्या कॉलेजात आम्ही एका स्कॉटिश नाटकाचा अभ्यास करीत आहोत. त्यातला कोळी पत्नी वारताच घड्याळ थांबवतो आणि पुढचे प्रवेश भूतकाळ-वर्तमानात ये-जा करू लागतात. बाई म्हणाल्या, ही लेखकाची युक्ती आहे. माझ्या शेजारी बसणारी एल्स्पेथ म्हणाली, "म्हातारा सटकलाय, दुसरं काय." सगळे हसले.

निबंधात मात्र मी लिहिले, की आमच्या बेटावर मृत्यू झालेल्या घरी घड्याळ थांबवतातच आणि पुरुषमंडळी दफन करून परतली, की ते पुन्हा चालू करतात. नाटकातला कोळी ते चालू करीत नाही, यातच त्याचा स्वभाव दिसतो. त्याच्या लेखी पत्नी अजून घरातच आहे.

पेगी आत्याने कळवले, की आईला जाऊन हिवाळा सरला, तरी आपलेही घड्याळ बंदच आहे आणि तुम्ही रोज चहाचे दोन कप मांडता. बाबा, मी रागावलेले नाही. शुक्रवारच्या बोटीने येते आहे. घड्याळाला किल्ली तुम्हीच द्या. मी नुसती जवळ उभी राहीन. आणि नाहीच द्यावीशी वाटली, तर माझाही कप मांडा.

तुमचीच,
मोरॅग