वालेरियाबाईंची आमटी

॥ श्री ॥

कारेलीबाग, बडोदे
४ ऑगस्ट २०२४

चि. मोहना हिस निरुपमाआत्याचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते. त्यामुळे भांडण नीट होत नाही. आणि मला तुझ्याशी नीट भांडायचं आहे.

तू जिची मराठी सबटायटलं लिहितेस ती ‘सात टेकड्या’ मालिका मी बघितली. शेजारच्या पीयूषभाईंनी टीव्हीत लावून दिली आणि शेवटी तुझं नाव येतं ते थांबवून दाखवलं, जणू त्यांनीच तुला शिकवलं. आवाज मी बंदच ठेवते. वाचायला कान कशाला लागतात?

काय ते तुझं रोम! सगळे पुरुष चादर गुंडाळून, आंघोळीला निघाल्यासारखे राज्यकारभार करतात. दर जेवणात कुणीतरी विष घालतं, तरी माणसं एकमेकांकडे जेवायला जातातच. हौस दांडगी. हेही मी सोसलं. पण चौथ्या भागात त्या वालेरियाबाई आल्या. मोठ्या घरच्या, पाठ ताठ. मुलगी फाबिया नवऱ्याचं घर सोडून बोचकं घेऊन दारात उभी. आणि बाईंच्या खाली अक्षरं उमटली: ‘आलीस ते बरं केलंस. जाणार कधी, तेवढं सांग.’

हे वाक्य रोमचं का गं? हे कारेलीबागेतलं आहे. माझ्या दारातलं, नऊ वर्षांपूर्वीचं, माझ्या लेकीला, अवंतीला म्हटलेलं. तेव्हा तू माझ्याकडे राहून युनिव्हर्सिटीत शिकत होतीस आणि चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होतीस. अवंती चहा न घेताच बॅग उचलून गेली आणि तिने गावाच्या दुसऱ्या टोकाला, तरसालीला खोली घेतली. चहा तू प्यायलीस. वाक्यही तूच उचललंस, हे मला आत्ता कळतंय.

उत्तर दे. लोभ आहे, पण तो सध्या तुझ्या उत्तरावर टांगलेला आहे.

तुझी (अजून तरी) आत्या,
निरुपमा

—

पुणे
१२ ऑगस्ट २०२४

ती. निरुपमाआत्यास मोहनाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी खुर्चीत सरळ बसले. पाचवीत तू माझ्या निबंधावर ‘बरा’ असा शेरा मारला होतास, तेव्हा बसले होते तश्शी.

आत्या, चोरी कबूल. मूळ इंग्रजीत वालेरिया फक्त म्हणते की तू इथे राहू शकत नाहीस. मी आधी तेच लिहिलं होतं. आमचे वरिष्ठ प्रतापसिंह म्हणाले, हे फारच मिळमिळीत झालं, ही बाई काय हॉस्टेलची रेक्टर आहे? मग मी तिचा चेहरा परत परत पाहिला. मुलगी दारात आलेली आहे, हिला तिला जवळ घ्यायचंय, आणि तोंडातून मात्र भलतंच निघतंय. असा चेहरा मी आयुष्यात एकाच बाईचा पाहिलाय. वाक्य आपोआप आलं. त्या दिवशी तुला किती वाईट वाटलं होतं ते मला माहीत आहे. अवंतीताईला माहीत नाही, कारण बोलता बोलता तू माझ्याकडे वळलीस आणि तिला तुझी पाठच दिसली असणार.

बाकी, कारेलीबागेहून तरसालीला सिटी बस जाते असं ऐकून आहे. रोमला विमानाने जावं लागतं, तरी लोक जाऊन येतात.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी लाडकी (होते ना?)
मोहना

—

बडोदे
२५ ऑगस्ट

चि. मोहनास अ. आ.

अभिनंदन! माझी कीर्ती दिगंत झाली. परवा महिला मंडळात गेले. पाणीगेटच्या विमलताई दारातून आत येतात तोच सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, आलीस ते बरं केलंस, जाणार कधी तेवढं सांग! विमलताईंनीही पदर सावरून वालेरियाबाईंसारखी मान वळवली. मला ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता येतात, आणि ते वाक्य मला कुणाच्याही ओठांवर वाचता येईल. विमलताईंच्या नातवाने म्हणे ते छापलेला कॉफीचा मग आणलाय. माझ्या घरची गोष्ट आता कॉफीबरोबर मिळते. दूध साखर वेगळी.

आणि हे बघ, मी तिला हाकललं नाही. मी एक प्रश्न विचारला. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं हे मी वर्गातल्या सगळ्या मुलांना शिकवलं, स्वतःच्याच मुलीला शिकवायचं राहून गेलं. उत्तर न देता बाईसाहेब तरसालीला. मला वाटलं होतं चार दिवस राहील, राग उतरेल, परत जाईल. त्या घरात काय चाललं होतं ते मला तेव्हा कुणी सांगितलं होतं? तीच सांगायला आली होती बहुतेक. मी आधीच विचारून बसले. नंतर कोर्टकचेरी झाली, ती मोकळी झाली, मकरपुऱ्याला नोकरी लागली, सगळं मला विमलताईंकडून कळलं. स्वतःच्या मुलीच्या बातम्या मला मंडळात चिवड्याबरोबर मिळतात.

आता मुद्द्याचं. त्या वालेरियाबाईंचं पुढे काय होतं? मला काही पडलेली नाही. सहज विचारते.

आशीर्वाद आहेतच, कमीजास्त करून.

आत्या

—

पुणे
३ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास सा. न.

तुला काही पडलेली नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते. शेवटच्या भागाचं काम याच महिन्यात हातावेगळं करायचंय. फाबिया पंधरा वर्षांनी परत त्याच दारात येते. वालेरिया दार उघडते, तिच्याकडे बघते आणि काहीच बोलत नाही. नुसता चेहरा. मग पडदा काळा. आत घेतलं की दार लावलं, तेही दाखवत नाहीत. याला कला म्हणतात. आणि कुणी बोलत नसेल तिथे खाली एक अक्षरही लिहायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तेव्हा या वेळी तुझ्या तोंडचं काही चोरता येणार नाही, निश्चिंत राहा.

अवंतीताईचा फोन आला होता. तिनेही चौथा भाग पाहिला. आधी खूप हसली. मग विचारलं, आईने पाहिलं का? मी हो म्हटलं. मग, ती कानाला यंत्र लावते का? मी नाही म्हटलं. वाटलंच, म्हणून तिने फोन ठेवून दिला. आत्या, मला रडू आलं गं. तुम्ही दोघी एका गावात राहता आणि एकमेकींच्या कानाची चौकशी पुण्यात करता.

प्रकृतीला जप. यंत्र लाव.

मोहना

—

बडोदे
९ सप्टेंबर

चि. मोहनास आ.

यंत्र लावून ऐकू काय? सोसायटीच्या मीटिंगा?

याला कला म्हणतात होय! आम्ही याला कामचुकारपणा म्हणतो. इतका खर्च करून रोम उभं केलं, घोडे आणले, आणि शेवटी लिहिणाऱ्याला दोन ओळी सुचल्या नाहीत. नऊ वर्षांनी पोर दारात आलीय (की पंधरा म्हणालीस? असेल), तिने त्या तोंडाकडे बघून काय समजायचं? ताठ पाठ ही काही भाषा नाही. मला विचार.

तेव्हा, मी वालेरियाबाईंसाठी एक वाक्य पाठवते. दोन ओळींत बसेल. ‘आमटी अजून दोघींच्याच अंदाजाने होते. ये आत.’ रोमात आमटी नसेल तर त्यांच्याकडे जे पातळ असेल ते घाल. पण अंदाज दोघींचाच ठेव. हाताची सवय सुटत नाही बाईची. उरते ती रात्री परत खाते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच टाकते, आणि रोज स्वतःवर चिडते. वालेरियाबाईंबद्दल बोलतेय मी.

नियमबियम तुझे तू बघ. नाही जमलं तरी राग नाही.

निरुपमाआत्या

—

पुणे
८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

केलं. शुक्रवारी शेवटचा भाग आला. वालेरियाचं तोंड गच्च मिटलेलं आणि खाली तुझ्या दोन ओळी, आमटीसकट. बदलायचा प्रयत्न केला, पण सार, सूप, कढण, काही म्हणजे काहीच तुझ्यासारखं लागेना.

शनिवारी सकाळी प्रतापसिंहांचा फोन. बाई बोलत नाही तर ही अक्षरं कुणाची, आणि रोममध्ये आमटी कुणी शिजवली? मी म्हटलं, तिच्या मनातलं आहे. ते म्हणाले, मनातलं लिहायचे पैसे आपल्याला कुणी देत नाही. सोमवारी कंपनीने त्या ओळी काढून टाकल्या आणि पुढच्या मालिकेचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. लोकांनी टवाळी करायची तेवढी केली. कुणी डाळीचा भाव विचारला, कुणी वालेरियाच्या डोक्यावर कढई ठेवून चित्र फिरवलं. पण पुष्कळांनी असंही लिहिलं की, आम्ही इथेच रडलो.

मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला, वाटतं. काम आवडीचं होतं. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन.

अवंतीताईने बघितलं का, ठाऊक नाही. शनिवारपासून ती फोन उचलत नाही. कदाचित मी सगळं बिघडवून ठेवलं असेल. तसं असेल तर मला शिव्या दे, पण पत्राने दे.

मोहना

—

॥ श्री ॥

बडोदे
१४ ऑक्टोबर २०२४

चि. मोहना हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं काम गेलं हे वाचून वाईट वाटलं. आमटीपायी पोट मारून घेणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. त्या प्रतापसिंहांना माझ्याकडे जेवायला पाठव. विष घालणार नाही, तशी फक्त इच्छा आहे.

नवरात्र आटोपलं. इथे दहा दिवस भोंगे चालू होते म्हणे. कान नसल्याचा एवढाच फायदा. काल रविवारी दुपारी पीयूषभाई मागच्या दाराने आले आणि हाताने खुणा करायला लागले की पुढे कुणीतरी केव्हाची बेल वाजवतंय. मला वाटलं कुरियर असेल. दार उघडलं.

अवंती होती. हातात हेल्मेट. मोहना, तिचे पुढचे केस पांढरे झालेत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विमलताई नको त्या बातम्या देतात आणि ही नेमकी दिली नाही.

मला वाक्य पाठ होतं. मीच लिहिलेलं, तेही फुकट. पण तोंड उघडेना. मी आपली उभी, दाराची कडी धरून, पाठ ताठ. वालेरियाबाईंना मी कामचुकार म्हटलं होतं ते शब्द परत घेते. आता ही वळून जाणार असं वाटलं, तरी आवाज फुटेना. खाली लिहायला तू नव्हतीस.

अवंती माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हती. ती बघत होती माझ्या हनुवटीच्या खाली, इकडून तिकडे, सावकाश, वाचल्यासारखं. मग तिला हसू फुटलं. हसता हसता रडायला लागली, आणि चपला काढून आत आली.

अजून फारसं काही बोललो नाही. बोलू. आत्ता ती आतल्या खोलीत झोपली आहे आणि तिथला पंखा अधूनमधून बंद पडतो, तेव्हा बघून येते. पत्र इथेच थांबवते.

तुझी,
निरुपमाआत्या