कळी मला आधी दिसली तर

५ ऑक्टोबर

सुई. डोळ्यात!

डॉक्टरीणबाई इतक्या सहज म्हणाल्या की जणू कानातला मळच काढायचा आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपतंय. डाव्यातही सुरुवात आहे. दर महिन्याला एक इंजेक्शन. "वेळ घालवू नका काका. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती वाचते."

विचार करून सांगतो म्हटलं. बाहेर आलो. बाकावर बसलो, पाणी प्यायलो आणि तिथेच ठरवलं – हिला सांगायचं नाही. घरी आल्यावर नंबर वाढलाय एवढंच बोललो.

"मग नवा चष्मा करून टाका," ही म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

६ ऑक्टोबर

उजवा डोळा झाकला तर सगळं ठीक. डावा झाकला की हिच्या चेहऱ्याच्या जागी बोटाने पुसल्यासारखा डाग. कडेचं सगळं दिसतं – कान, केस, मागचं घड्याळ. जिकडे बघावं नेमकं तेवढंच नाही.

दिवसातून वीस वेळा झाकून बघतो. ही विचारते, डोळ्यात काही गेलंय का?

९ ऑक्टोबर

मेव्हणी येऊन गेली. आल्या आल्या खिडकीतल्या निवडुंगाकडे. तिनेच दिलाय तो, बिनकाट्यांचा, थंडीत फुलणारा. तिच्याकडे दरवर्षी गुलाबी फुलांनी लगडतो. आमच्याकडे आल्यापासून नुसता हिरवागार पसरलाय.

"भाऊजी, तुमच्या घरात झाडालासुद्धा वैराग्य येतं!"

मग म्हणाली की त्याला अंधार लागतो. संध्याकाळपासून सकाळपर्यंत गडद अंधार, रोज, न चुकता. हवा जरा गार हवी. मधेच उजेड पडला तर कळी धरत नाही. आणि कळ्या आल्यावर हात लावायचा नाही, कुंडी हलवायची नाही, नाहीतर गळतात.

अंधार! अहो बाई, उभा जन्म अंधारावरच तर पोट भरलं. स्टुडिओ बंद झाला तरी मागची फोटो धुवायची खोली आहे तशीच आहे. खिडकी नाही, दाराला काळा पडदा. या वर्षी बघच म्हटलं तिला.

१० ऑक्टोबर

एक पैज लावली आहे. स्वतःशीच.

कळी आधी तांदळाच्या कणीएवढी असते म्हणे, पानाच्या अगदी टोकाला. ती हिच्याआधी मला दिसली तर डोळे शाबूत, सुई नको. ही आधी म्हणाली तर निमूट जाऊन टोचून घ्यायचं.

वेडेपणा आहे, कळतंय मला. पण हे ठरल्यावर आज चार घास जास्त गेले.

१५ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी कुंडी आत, सकाळी बाहेर. आज त्या खोलीच्या उंबऱ्याला ठेच लागली. कुंडी वाचली, अंगठा सुजला. उंबरा काय आज उगवलाय? झोपेतही ओलांडला असता एके काळी.

शेवटी तिथला जुना लाल दिवा लावला. त्याच्या उजेडात फोटोच्या कागदालाही कधी धक्का लागला नाही, झाडाचं काय बिघडणार? राहू दे रात्रभर. म्हणजे मधूनमधून कळीही बघता येईल.

खोटं कशाला लिहू, हे पान कोण वाचणार आहे! त्या अंधारात उभं राहिलं की वाटतं, पुढे हेच आहे. कायमचं. आणि मग पडदा सापडेपर्यंत घाम फुटतो. म्हणून दिवा.

२२ ऑक्टोबर

दवाखान्यातून फोन. नशीब मीच उचलला. "काका, कधी येताय?" म्हटलं, मी बाहेरगावी आहे. तेवढ्यात ही मागून ओरडली, "अहो, आंघोळीला चला, पाणी निवतंय!"

फोन ठेवला आणि आंघोळीला गेलो.

२८ ऑक्टोबर

कळी नाही. एकेक टोक डाव्या डोळ्याने तपासतो, नाक टेकवून. नाही म्हणजे नाही.

आणि गंमत बघा – बरं वाटतं! कळीच नाही तर ती न दिसण्याचा प्रश्नच कुठे येतो? दार उघडताना छाती धडधडते, बंद करताना शांत होते. आमच्या घराण्यात शूर फक्त सुना.

२ नोव्हेंबर

मुलीचा फोन. आईने कौतुकाने सांगितलं असणार, बाबांनी झाडाला खोली दिली आहे, दिवा दिला आहे.

"दिवा? बाबा, कसला दिवा?"

"लाल. त्याने काही होत नाही."

"तुमच्या कागदाला होत नसेल! झाड लाल उजेडानेच तर फसतं. त्याला वाटतं अजून दिवस मावळलाच नाही. अहो, ते बिचारं तुमच्यापायी जागं आहे इतके दिवस!"

फोटोवाल्याची अक्कल! ही इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. दिवा काढून ठेवला. आता खरा अंधार. पहिल्यापासून सुरुवात.

३ नोव्हेंबर

भिंत चाचपत आत गेलो, कुंडी ठेवली, पळत बाहेर आलो. पळत! या वयात.

१४ नोव्हेंबर

न्हाणीघरातल्या फरशीची रेघ मधे वाकली आहे. उजव्याने नव्हे. डाव्याने.

पाणी तसंच वाहत राहिलं. ही दार वाजवायला लागली तेव्हा भानावर आलो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, डाग नेहमी काळाच दिसेल असं समजू नका. मेंदू मोकळी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो, म्हणून माणसाला कळतच नाही काय गेलं ते. तेव्हा ऐकून सोडून दिलं. आज बसून विचार केला. मीही हेच करायचो की! फोटोतल्या नवरदेवाच्या गालावरचा व्रण शेजारचाच रंग घेऊन बुजवायचा, आणि इतका बेमालूम की त्याच्या आईलाही कळू नये.

दुपारी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. सुई येताना तर दिसणारच ना? डोळ्यानेच बघायचं, डोळ्यात येणारी सुई? नाही जमणार मला. नाही.

२३ नोव्हेंबर

जाड पेन आणलं. अक्षर मोठं काढतो आहे. ही म्हणाली, रोजनिशी आहे की दुकानाची पाटी?

३० नोव्हेंबर

आज धान्य निवडायला बसलो, मुद्दाम. माझं झाल्यावर हिने ताट ओढून घेतलं आणि पुन्हा निवडलं. हिने दोन-चार खडे काढले की मूठभर, ते विचारायची हिंमत झाली नाही.

९ डिसेंबर

संध्याकाळी कुंडी उचलायला गेलो तर हिने अडवलं. "नका आता तिला आत-बाहेर करू. राहू दे खिडकीत."

हिनेही आशा सोडली वाटतं. मला काय वाटलं ते लिहितो – सुटलो! खोली नको, उंबरा नको. झाड फुलत नाही त्याला मी काय करणार? पैज मी हरलेलो नाही. या वर्षी ती झालीच नाही, बस.

१३ डिसेंबर

सकाळी लख्ख ऊन होतं. खिडकीपाशी उभं राहून पुन्हा नीट बघितलं, एकेक टोक. हिरवं, हिरवं, हिरवं. एकही कळी नाही. सगळी पानं स्वच्छ दिसली, कुठेही डाग नाही. म्हणजे डावा अजून चांगला आहे! उगाच घाबरलो फरशीला.

आज बऱ्याच दिवसांनी झोप लागेल.

१७ डिसेंबर

ही चहा घेऊन खिडकीपाशी आली. म्हणाली, "कशा भरल्यात बघा! दोन-तीन तर उद्यापरवाच उमलतील. आठवडा होऊन गेला कळ्या येऊन, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. म्हटलं, एकदम फुललेलं दाखवून माझ्या बहिणीची जिरवायची असेल, म्हणून मीही गप्प बसले."

मी म्हटलं, "कुठे?"

ही हसली. मग हसायची थांबली.

सगळं सांगितलं. उद्या सकाळी इंजेक्शन. दवाखान्याशी बोललो मीच, नंबर हिने दाबून दिला.