उशीतला खोकला

४ तारीख
पोहोचले एकदाची. आठ वर्षांच्या अबोल्यानंतर ताईनं स्वतःहून बोलावलं. दारातच म्हणाली, जाडी झालीस गं. दोघी हसलो. तिच्या कमरेच्या हाडांना रेडिएशन चालू आहे, आज दहावं झालं. भाऊजींनी चहा पिता पिता नियम समजावले. पांढऱ्या पेशी हाडांतल्या मगजात तयार होतात, किरणांनी त्याच घटतात. मग साधं पडसंही अंगाला झेपत नाही. म्हणून शिंक आली तरी लगेच सांगायचं. आजारी माणसाला या घरात थारा नाही.

८ तारीख
ताईनं आज केस विंचरू दिले. लहानपणीसारखी मधेच मान हलवत होती. माझा घसा जरा खवखवतोय. धुळीनं असेल.

१० तारीख
अंगात कणकण. भाऊजींनी रोजच्यासारखं विचारलं, बरी आहेस ना. हो म्हटलं. खरं सांगितलं तर परत पाठवतील, आणि ताई पुन्हा बोलावेल याचा काय भरवसा? मास्क लावते. खोकला आला की उशीत तोंड खुपसते.

१२ तारीख
रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी फार उतरल्यात, रेडिएशन थांबवलं. मी आज ठणठणीत. दुपारी ताई म्हणाली, थंडी वाजतेय. ताप एकशे दोन.

१३ तारीख
ताई हॉस्पिटलात, काचेच्या खोलीत. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी आजारी होतं का, कळलं तर औषध ठरवायला बरं. मी फरशीकडे पाहत राहिले. भाऊजी म्हणाले, स्वयंपाकाच्या बाई शिंकत होत्या बहुतेक. संध्याकाळी बाईंना काढून टाकलं. त्या रडत शपथा घेत होत्या. मी आत भांडी विसळत राहिले.

१५ तारीख
तिला धाप लागतेय. मी जेवते, झोपते. खोकत नाही. काचेपलीकडून खोकला येतो — हुबेहूब माझा.

१६ तारीख
झगा, मास्क, हातमोजे. पाच मिनिटं आत सोडलं. ताईनं जवळ बोलावलं. म्हणाली, तुझा खोकला ऐकू यायचा मला. तू निघून जाशील म्हणून गप्प बसले.

दुपार
डॉक्टरांना सांगितलं. सगळं. ते लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, हे तीन दिवसांपूर्वी —
भाऊजी मागेच उभे होते.
आता शेजारी, बाकावर. आतून खोकला येतोय अजून. येतोय तोवर ती —
नर्स पळत आत गेली. आता काहीच ऐकू