साडूनं टाकीत ओतलेलं पाणी

३ मार्च
इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत पुन्हा दोन लिटर कमी! आठवड्यात तिसऱ्यांदा. इंजिनाखाली हात फिरवला – कोरडं ठणठणीत. मग पाणी जातं कुठं? आमचे साडू, म्हणजे मी जिचं इंजिन सांभाळतो त्या फेरीबोटीचे चालक, म्हणतात, "वाफ होत असेल, दादा." वाफ! बंद टाकी, वर दाबाचं झाकण, आणि म्हणे वाफ. बायकोला तर धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं कोण कौतुक – "किती शांत आहेत ते!" शांत असणारच. डोक्यात काही हललं तर आवाज होणार ना.

५ मार्च
साडू शिट्टी वाजवत आले. चाळीस मिनिटं वाऱ्याच्या दिशेवर बोलले. मी टाकी बघणार होतो, राहिलीच.

८ मार्च
ऐन मध्यावर इंजिन तापलं. साठ माणसं बोटीवर! धोक्याची घंटा वाजली, साडूनं इंजिन बंद केलं आणि बोट वाहत निघाली खडकांकडे. दुसऱ्या बोटीनं ओढून आणली. उतरताना एक म्हातारी माझ्याच अंगावर ओकली. चालवणारा तिला दिसलाच नाही बहुतेक.

टाकी उघडली. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या औषधी पाण्याचा, हिरवा रंग फिका, जवळजवळ साधं पाणीच. साडूला विचारलं तर मान खाली. "डबा संपला होता, दादा. नळाचं ओतलं."

नळाचं! अरे, इंजिनात फिरणारं हे पाणी जपायचं म्हणून तर ते समुद्राच्या पाण्यापासून वेगळं, बंद ठेवलेलं. घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं. गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!

९ मार्च
मालकांनी लेखी अहवाल मागितला. झकास लिहिला – "नळाच्या पाण्यामुळे आतल्या नळ्या गंजल्या. दोष चालकाचा." तीनदा वाचला. बायको म्हणाली, "अहो, जरा सांभाळून लिहायचं." मी म्हणालो, इंजिनाला नातीगोती कळत नाहीत. काय वाक्य! तिनं ताट आपटलं.

११ मार्च
साडूला बोटीवरून काढलं. मेहुणी बायकोला भेटून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साडू मात्र मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसले. "बरं झालं तुम्ही पकडलंत, दादा. माझ्या हातून साठ माणसं गेली असती. मी आता सुकाणू कधीच धरणार नाही." ढसाढसा रडले. मी पाठ थोपटली. थोडं बरंही वाटलं, इथं खोटं कशाला लिहू.

१३ मार्च
आज एक्स्चेंजर खोलला. त्यातल्या नळ्यांमधून समुद्राचं पाणी जातं, नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचं. एकमेकांत न मिसळता समुद्राचं पाणी इंजिनाच्या पाण्याला थंड करतं. एका नळीला टाचणीएवढं भोक. तिथूनच सगळं समुद्रात जात होतं. पण नळी खाल्लीय ती आतून – समुद्राच्या बाजूनं! साडूचं पाणी तिकडे पोचतच नाही.

समुद्राच्या पाण्यानं नळ्या खाऊ नयेत म्हणून तिथं जस्ताची कांडी बसवतात. पाणी आधी तिला खातं. दर तीन महिन्यांनी बदलायची. माझं काम. बूच काढलं – कांडीच नाही. कधीचीच झिजून संपलेली. आणि वहीत, डिसेंबरात, माझ्या सुवाच्य अक्षरात: "कांडी बदलली." नवी कांडी माझ्या खणात, वरचा कागदसुद्धा न फाडलेली. त्या दिवशी बूच घट्ट बसलं होतं आणि मला घरी जायची घाई होती.

माझ्यामुळे! साठ माणसं माझ्यामुळे. आणि मी त्याची पाठ थोपटली. लाज वाटते.

१४ मार्च
खणातली कांडी पुरावा म्हणून खिशात टाकली.

१५ मार्च
साडूकडे गेलो, बायकोला घेऊन. सगळ्यांसमोर सांगितलं – कांडी, बूच, वहीतली खोटी नोंद. साडू आधी हसले, मग त्यांचे डोळे भरून आले. "माझी नोकरी परत मिळावी म्हणून स्वतःवर आळ घेताय, दादा? नका हो." मेहुणीनं हात जोडले. परत येताना बायको म्हणाली, "फार मोठ्या मनाचे आहात हो तुम्ही." वीस वर्षांत पहिल्यांदा.

कांडी खिशात होती, कागदासकट. काढली नाही.