पाहणीच्या दिवसाचं पाणी

४ जानेवारी
नाही, कालवा कमिटीचा अध्यक्ष व्हायला मी कुणाच्या पाया पडलो नाही. माझ्याच गळ्यात घातलं सगळ्यांनी. कालव्याला पन्नास वर्षं झाली, निम्मं पाणी भेगांतून जिरतं, आणि कमिटीला चहा पिण्यापलीकडे काही येत नाही. मग करणार कोण?
बँकेचं म्हणणं सरळ आहे. दुरुस्तीला कर्ज देतो, पण पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी जमवून दाखवायचा. ठरवून टाकलं. मेच्या आत सगळ्या कालव्याला नवं अस्तर.
नियम मीच केला. शेवटच्या टोकाच्यांनी आधी भरायचं. पाणी त्यांनाच मिळत नाही, म्हणजे फायदा त्यांचाच.

१९ जानेवारी
शेवटच्या टोकाला माझी धाकटी बहीण. नवरा गेला, मागे चाळीस लिंबांची बाग ठेवून. सहा वर्षं तिथं कालव्याचं पाणी पोचलेलं नाही. विहिरीवर झाडं जगवली, आता विहीरही आटली. हा उन्हाळा कोरडा गेला तर बाग संपली. म्हैस विकून तिनं सगळ्यांत आधी पैसे भरले. मी म्हटलं, बरं झालं, चाऱ्याची कटकट गेली.
वरच्या अंगाचे भरत नाहीत. आम्हाला पाणी आहेच, म्हणतात. खोटं काय त्यात? मीही वरच्याच अंगाचा. माझा हिस्सा राहिलाय, पण अध्यक्षाची धावपळ कोण मोजतो?

२ फेब्रुवारी
पाटकरी, म्हणजे कालव्याची गेटं उघडतो-मिटतो तो, उगाच शहाणपणा करतो. म्हणे बँकेची माणसं आली तर तुमचा बांधाखालचा पाईप दिसेल. सहा इंची आहे, कालव्यातून थेट माझ्या मक्यात. लोक चोरी म्हणतात. बत्तीस वर्षं चाललेल्या गोष्टीला चोरी म्हणत नाहीत, वहिवाट म्हणतात.

९ फेब्रुवारी
पत्र आलं. एकवीसला पाहणी.
कमिटी बोलावली. जमलेल्या हिश्श्यातून भेगा बुजवायच्या, प्लॅस्टर मारायचं, वर चुना. पाटकरी म्हणाला, भेगा दिसू द्या की, त्यासाठीच तर कर्ज मागतोय. मी त्याला विचारलं, सोयरीक जुळवायला पाहुणे आले तर पोरीला फाटक्या साडीत बसवतोस का? सातवी पास आहे म्हणे. मी चौथीच शिकलो, पण व्यवहार कळतो.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
फत्ते. वरची सगळी गेटं बंद ठेवली. माझ्या पाईपात पोती कोंबली, वर पालापाचोळा. पाणी धो धो शेवटपर्यंत गेलं. धाकटी अनवाणी त्यात उभी राहिली आणि रडायला लागली. बायकांना वेळेचं भान नसतं. पाहुण्यांसमोर रडतात का?
बँकेची इंजिनिअर बाई पोरसवदा. वर मोजलं, खाली मोजलं, वहीत लिहिलं, तोंडातून शब्द नाही. दिपून गेली असणार. शेवटी विचारलं, पाणी रोज असंच येतं?
मी म्हणालो, "रोज."
धाकटीनं तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मिटलं.

२२ फेब्रुवारी
पोती काढली. मका वाळवून कसं चालेल?

१७ मार्च
बँकेचं उत्तर. गळती मर्यादेत, पाणी टोकापर्यंत पुरेसं, दुरुस्तीची गरज नाही, फाईल बंद. सोबत उत्तम देखभालीचं सर्टिफिकेट. फ्रेम करून ऑफिसात लावलं. कर्ज कुणालाही मिळतं, सर्टिफिकेट नाही.
पाटकरी हसला. त्याचा या महिन्याचा पगार लांबवायचा.
हिश्श्याचे पैसे प्लॅस्टरमध्ये गेले. प्लॅस्टरला पोपडे धरलेत. सिमेंटवाल्याला झापायचं आहे.

२ एप्रिल
धाकटी आली. म्हशीचं बोलली नाही. पाणीही प्यायली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "दादा, त्या बाईंना तू रोज म्हणालास. त्या रोजातला एक वार मला दे."
मी समजावलं. एक दिवस पाईप बंद केला तर उद्या दुसरा मागेल, परवा तिसरा. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू, मी स्वतः लिहीन. ती गेली. आमची ही तिच्यामागं वेशीपर्यंत गेली आणि परत आल्यावर माझ्याशी बोलली नाही. हिला मध्ये पडायचं कारण काय?

११ मे
लिंबं वाळली. लाकूडतोड्यानं एका दिवसात चाळीस पाडली. त्याला भाव मीच करून दिला, धाकटीला जमला नसता. ती शिंपिणीकडे काज-बटणाच्या कामाला गेली. राहायचं तिथंच, दुकानामागं. ही सोबत गेली. चार दिवसांत येते, म्हणाली.

२२ मे
अकरावा दिवस. भात करपला. दोन्ही वेळेला.
आज मीटिंग. वरच्या अंगाच्यांनी मला एकमतानं पुन्हा अध्यक्ष केलं. शेवटच्या टोकाचं कुणी आलं नव्हतं.
बाहेर पडलो तर पाटकरी उभा. मका निघालाय, म्हणाला, आता पाईप बंद करू का, पाणी खाली जाईल.
मी म्हणालो, "आता कुणासाठी?"

माझ्या तोंडून काय गेलं ते मला कळलं. त्या बोलण्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.