कुसुमची साखर

मोखाडा, ६ जून १९५५
सुनेची लघवी तपासली. निळ्या औषधात आठ थेंब, स्पिरिटच्या दिव्यावर उकळले. रंग विटकरी. म्हणजे साखर भरपूर. इंटर सायन्स तीस वर्षांनी ह्या कामाला आलं. कुसुमला सातवा. जव्हारच्या डॉ.नी बजावलंय : गोड बंद, भात मूठभर, नवव्यात नाशिकला न्या. साखर, गूळ, मध सगळं कुलपात. किल्ली माझ्या कनवटीला.

१९ जून
पोस्टमास्तरीणबाई डोहाळजेवणाचं विचारायला आल्या. नाही म्हटलं.
"दोन जिवांची आहे हो. सून की कैदी?"
"मागच्या खेपेला दोघांचं जेवली. साडेदहा पौंडांचा मुलगा झाला. मेलेला."
तेव्हाचे लाडू मीच वळले होते, हे बोलले नाही.

८ जुलै
रंग हिरवट. बरं आहे. कुसुम नागलीच्या भाकरीकडे बघून रडते. रडू दे.

२ ऑगस्ट
नववा लागला आणि जव्हार-नाशिक दोन्हीकडच्या घाटांत दरडी. एस.टी. बंद. नाशिक राहिलं.

११ ऑगस्ट
सकाळी नऊला सुटली. मुलगा, रडला. जिवली सुईण पाड्यावरून चिखल तुडवत आली म्हणून निभावलं. मूल थोराड. पण तासाभरात अंग ढिलं, हात थरथरायला लागले, दूध ओढेना.
जिवली म्हणाली, "बाई, गुळाचा पानी चाटवू. आमी चाटवतोच."
आईची साखर पोराच्या रक्तात उतरलेली, त्यावर आणखी गूळ? म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?"
बाराला त्यानं डोळे फिरवले. जिवलीनं माझ्या कनवटीची किल्लीच ओढून घेतली. "आता बोलू नका, बाई."
चमच्यानं पाजलं. अर्ध्या तासात मूठ आवळली. कुसुम ग्लानीत होती, तिला यातलं काही कळलं नाही.

१३ ऑगस्ट
डॉ. आले. दरडीपर्यंत जीप, पुढे पायी. मी सगळं सांगितलं. म्हणाले, "पोटात आईची साखर मिळत होती. नाळ तुटली, ती बंद झाली; अंग मात्र तशीच भराभर जिरवत राहिलं, रक्तातली साखर उतरली. पहिल्या तासातच साखरेचं पाणी द्यायचं असतं."
"हे मला आधी सांगायला हवं होतं."
"बाळंतपण नाशिकला होणार होतं ना, बाई."
खरं आहे.
मूल जगेल म्हणतात. मेंदूला काही झालंय का, ते बसायला-बोलायला लागलं की कळेल. गूळ अडवला ते दोन तास. ते माझे.

२० ऑगस्ट
बाळ पितं. डावा हात कमी हलवतं, की मलाच तसं दिसतं? कुसुमनं विचारलं, डॉ. काय म्हणाले. म्हटलं, जगेल म्हणाले.
तिनं त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. "आई, तुमच्या शिस्तीनं वाचला हो हा."
जिवली शेकाचे निखारे फुंकत होती. ऐकलं तिनं. मान वर केली नाही.
मी तेव्हाच सांगायला हवं होतं.